वसईचा उन्हाळा : क्रूस, मसाला आणि बावखल

कुणी गटाची बैठक आटोपून रेडिओ लावला असेल, कुणी पापड लाटता लाटता ऐकत असेल. उन्हाळ्यात बाईच्या हाताला रिकामपण नसतं, हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं! कुरडया, शेवया, सांडगे, वर्षाचं तिखट, धान्य निवडून कणग्या भरणं, आणि त्यातच गावची जत्रा नि लग्नसराई. आज आम्ही वसईच्या बायका तुम्हाला आमच्याकडचा उन्हाळा सांगणार आहोत. आमच्या गावांत देवळाशेजारी चर्च आहे, म्हणून आमचा उन्हाळा वेगळा दिसतो. आतून तो किती वेगळा आहे, हे ऐकून तुम्हीच ठरवा.

आधी गाव समजून घ्या. वसई तालुका पालघर जिल्ह्यात येतो. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. या समुद्राकडच्या पट्ट्यात केळी, पानवेल, फुलं नि भाजीपाल्याच्या वाड्या आहेत, आणि वाड्यांच्या मधोमध जुनी चर्चेस. एक चर्च आणि त्याच्याभोवतीच्या आळ्या मिळून जो कॅथलिक समाज होतो, त्याला आम्ही धर्मग्राम म्हणतो. इंग्रजीत पॅरिश. आम्ही कुपारी आहोत, वाडवळ आहोत, कोळी आहोत. याच जातींतले हिंदू आमचे शेजारी आहेत, आणि भाषा दोघांची एकच. लुगडं नेसलेल्या दोन म्हाताऱ्या बांधावर बोलत बसल्या, तर कुठली देवळात जाते नि कुठली चर्चमध्ये, हे परक्याला सांगता यायचं नाही.

हे चर्च आलं कसं? 1534 साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. मग किल्ला वाढला, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री आले, गावोगाव चर्चेस उभी राहिली. पुढं दोनशे वर्षांनी, 1739 च्या मे महिन्यात, चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला. शाळेच्या पुस्तकात वसईची गोष्ट इथं संपते. आमची मात्र इथून पुढं चालू राहते, कारण पोर्तुगीज गेले तरी गावं कुठं गेली? युरोपी पाद्री गेले, देशी पाद्र्यांवर सगळा भार पडला. एकेका पाद्र्याकडे लांबलांबच्या वस्त्या आल्या. अशा काळात धर्म टिकला तो घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेवर आणि आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसावर, असं आम्हाला वाटतं. आणि घरातली प्रार्थना कोण सांगतं, हे काय वेगळं सांगायला हवं!

आता उन्हाळ्याकडे येऊ. आमचा उन्हाळा राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. तिथून चाळीस दिवसांचा उपासकाळ. मांसाहार कमी, गाणंबजावणं नाही, लग्न नाही. शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार, मग शुभ शुक्रवार, आणि मग ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, त्याचं कारण तुम्हाला लगेच कळेल, कारण ती चंद्रावर ठरते. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या नंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणजे बहुतेक वर्षी तुमची हनुमान जयंती आणि आमचा ईस्टर जवळजवळ येतात. तारीख 22 मार्चच्या आधी जात नाही आणि 25 एप्रिलच्या पुढं जात नाही.

या उपासकाळात पूर्वी एक पुराण गायलं जाई. चक्क ओवीतलं मराठी पुराण. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि त्याने येशूची कथा ओव्यांमध्ये लिहिली. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या आहेत त्यात. तेव्हा चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिन भाषेत चाले. पाद्री वेदीकडे तोंड करून म्हणायचा आणि मागे गुडघे टेकलेल्या बाईला त्यातलं अक्षर कळत नसे. मिस्सा मराठीत यायला 1960 चं दशक उजाडावं लागलं. रोममध्ये 1962 ते 1965 अशी मोठी धर्मपरिषद भरली आणि तिने लोकांच्या भाषेला दार उघडलं. म्हणजे साडेतीनशे वर्षं कथा मराठीत आणि मिस्सा लॅटिनमध्ये, असा कारभार होता.

ईस्टर झाला की लग्नं. उपासकाळात लग्न लावायचं नाही हा चर्चचा जुना नियम. नाताळाआधीच्या चार आठवड्यांतही तसंच. जूनपासून पाऊस, तेव्हा चिखलात मांडव कोण घालणार? भातलावणी कोण करणार? उन्हाळ्यात राहतो तो ईस्टर ते मृगाचा काळ. रोमने आखलेली दिनदर्शिका आमच्याकडे येऊन पावसाच्या मापात बसली, ती अशी. पाद्री सांगतील लग्नाचा काळ चर्चने ठरवला. आम्ही म्हणू, तो मृगाने ठरवला आणि चर्चने त्याला संमती दिली.

आमच्या लग्नातली एक रीत तुम्हाला ओळखीची वाटेल. आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरा-नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. त्याला ‘उंबराचं पाणी’ म्हणतात. हळद लागते, मांडव पडतो, तांदूळ निवडायला आळीतल्या बायका जमतात. पीठ आंबवून तळलेले गोल फुगे मोठमोठ्या टोपल्या भरून होतात. उंबराच्या पाण्याची ही रीत बायबलमधली नाही, आणि हळदीचीही नाही. धर्म बदलला तेव्हा माणसांनी देव बदलला, पण विहीर तीच राहिली आणि विहिरीवर जाणाऱ्या बायकाही त्याच. पोर्तुगीज राजवटीत असल्या जुन्या रीतींवर बंदी घालायचे प्रयत्न झाले. तरी लग्नाची गाणी गेली नाहीत, हळद गेली नाही. या चिकाटीचं श्रेय कुठल्या ग्रंथात कुणाला दिलेलं आम्ही वाचलेलं नाही.

आता मसाला. इथं जरा सावकाश जाऊ, कारण हा आमचा आवडता विषय आणि तुमचाही असणार.

मुंबई, साष्टी, ठाणे, वसई या पट्ट्यातल्या जुन्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांना ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात. नाव इंग्रजी, माणसं इथलीच. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या सुमाराला, मुंबईतल्या लोकांनी हे नाव घेतलं, कारण गोव्याहून नोकरीला येणारे ख्रिस्ती आणि आपण वेगळे, हे सरकारला कळावं. वसईतल्या सगळ्यांनाच ते नाव आपलं वाटतं असं नाही. ते असो. या लोकांच्या घरातला मसाला ‘बाटली मसाला’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तो उन्हाळ्यातच होतो.

कृती अशी. दोन-तीन जातींच्या लाल मिरच्या, धने, हळकुंडं, तीळ, खसखस, मोहरी, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ, जायपत्री, नागकेशर, दगडफूल. शिवाय थोडे गहू आणि हरभऱ्याची डाळ. कुठल्या घरात वीस जिन्नस, कुठल्या घरात त्याहून जास्त. प्रमाण सासू सुनेला सांगते, शेजारणीला नाही. सगळं दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचं, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, आणि मग उखळात कांडायचं. उखळ लाकडाचं, उंच. दोघी-तिघी बायका भोवती उभ्या राहून आळीपाळीने मुसळ मारणार. एकीचं वर जाताना दुसरीचं खाली. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळणार, म्हणून गाणं लागतं. तुमच्याकडे जात्यावर ओवी, आमच्याकडे उखळावर गाणं. मग चाळायचं, आणि काळपट काचेच्या बाटल्यांत काठीने दाबून दाबून भरायचं. बाटली बिअरची असते, उगाच कशाला लपवा! गडद काचेतून ऊन आत जात नाही, रंग टिकतो, आणि घट्ट दाबल्यावर हवा राहत नाही. वर्षभर मसाला ताजा राहतो. हे शास्त्र कुणा शास्त्रज्ञाने नाही सांगितलं.

कांडणाऱ्या बायका पुष्कळदा घरच्या नसत. उन्हाळाभर त्या दारोदार फिरून कांडणाचं काम करत. नाकातोंडाला फडकं बांधून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, दिवसभर उभ्याने मुसळ चालवायची, आणि एका घरचं झालं की पुढचं घर. पाऊस आला की काम बंद. मसाल्याचं कौतुक करणारे लेख इंग्रजी वर्तमानपत्रांत बरेच येतात. त्यात घराण्यांची नावं असतात, कृती असते, बाटलीचा फोटो असतो. कांडणारणीचं नाव सहसा नसतं. आता कांडप यंत्रं आल्यावर हे काम झपाट्याने संपत चाललंय. यंत्र आलं ते वाईट झालं असं आम्ही म्हणणार नाही, खांदे भरून आलेली बाई तसं कधी म्हणणार नाही. पण गाणी गेली, आणि त्या बायकांचा हंगामी रोजगारही गेला. तुमच्या गटांपैकी कितीजणींनी मसाल्याचा उद्योग सुरू केलाय! तुम्हाला यातला हिशोब आमच्यापेक्षा जास्त कळेल.

आणि गंमत ऐका. ही मिरची मुळात आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती गोव्याकडून आपल्याकडे आली. त्याआधी तिखटासाठी मिरी होती. म्हणजे ज्यांच्या जहाजांतून आमचा क्रूस आला, त्यांच्याच जहाजांतून तुमचा ठेचा आला. मिरचीला मात्र कुणी परकी म्हणत नाही.

मसाल्याच्या मिरच्या वाळत असतात तेव्हाच शेजारच्या चटईवर केळी वाळत असतात. आगाशीकडची सुकेळी ऐकली असतील. पिकलेली राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात ठेवायची, रात्री झाकायची, आणि मधासारखा रंग आला की केळीच्या वाळल्या पानात बांधायची. 1867 साली विरारहून मुंबईला पहिली लोकलगाडी सुटली. तेव्हापासून वसईचा भाजीपाला, केळी, फुलं मुंबईच्या बाजारात जायचा रस्ता सोपा झाला, आणि डोक्यावर टोपली घेऊन पहाटेची गाडी पकडणारी वसईवाली मुंबईकरांच्या ओळखीची झाली. उन्हाळ्यात रविवारी मिस्सा, आणि सोमवारी पहाटे पुन्हा टोपली.

आता मे महिना. कॅथलिक लोकांत मे हा मारियामातेचा महिना. ही प्रथा अठराव्या शतकात इटलीत वाढली आणि एकोणिसाव्या शतकात जगभर पसरली. आमच्याकडे तिची गाठ पडली क्रुसाशी. 3 मे हा पूर्वी ‘पवित्र क्रूस सापडल्याचा’ सण होता. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना, तिला येशूचा क्रूस यरुशलेममध्ये सापडला अशी परंपरा आहे. 1960 साली रोमने हा सण आपल्या दिनदर्शिकेतून काढला आणि 14 सप्टेंबरचा क्रूससण तेवढा ठेवला. पण सप्टेंबरात कोकणपट्टीत पाऊस! उघड्यावरच्या क्रुसापुढे माणसं जमणार कशी? रोमने काढला तरी आमच्या आळ्यांनी आणि गोव्यातल्या वाड्यांनीही मे महिन्यातला क्रूस सोडला नाही.

मुंबईतल्या गावठाणांत या क्रुसांना आणखी एक इतिहास आहे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. लोक घरं सोडून पळाले, आळ्याच्या आळ्या ओस पडल्या. त्या साथीत वांद्र्यापासून गिरगावापर्यंत लोकांनी चौकाचौकांत क्रूस उभारले, संकट टळावं म्हणून, टळल्याबद्दल उपकार म्हणून. ते ‘प्लेगचे क्रूस’ आजही दिसतात, काहींवर साल कोरलेलं आहे. तुमच्या गावच्या वेशीवर मरीआईचं ठाणं असेल, तिची आठवण झाली ना? माणसाला भीती वाटली की तो वेशीवर काहीतरी उभं करतो.

मे महिन्यात संध्याकाळी क्रूस धुतात, चुना लावतात, मोगऱ्याच्या आणि अबोलीच्या माळा चढवतात. मेणबत्त्या लागतात. मग रोझरी, म्हणजे जपमाळ. मण्यामण्याला एक प्रार्थना. शेवटी लितानी, म्हणजे मारियामातेच्या नावांची माळ. एकजण नाव घेते आणि बाकीच्या ठरलेलं उत्तर देतात. विष्णुसहस्रनाम ऐकलेल्या बाईला त्याची चाल समजेल. संपल्यावर उकडलेले चणे, गूळखोबरं, असं काहीबाही वाटलं जातं. आज या घरचा प्रसाद, उद्या त्या घरचा. इथं पाद्र्याची गरज नाही. आळीतली कुणीही पुढं होऊन रोझरी सांगते, आणि पुढं होणारी बहुतेक वेळा बाई असते.

वेदीवर बाई उभी राहत नाही. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही, आजही नाही. पण क्रुसापुढे ती पुढारी असते. महिनाभर रोज संध्याकाळी आळीतल्या सगळ्या बायका एका ठिकाणी जमतात. जपमाळ अर्धा तास, आणि मग गप्पा तासभर. कुणाची विहीर आटली, कुणाच्या मुलीला मागणी आली, कुणाचा नवरा पिऊन मारतो, कोण वाडी विकायला निघालाय. पुरुषांची चावडी असते, पार असतो. बायकांचा पार म्हणजे मे महिन्यातला क्रूस. हे आमचं मत आहे, आणि पुढची गोष्ट सांगितल्यावर ते तुम्हालाही पटेल असं वाटतं.

वसईच्या वाड्यांचं पाणी कुठून येतं? बावखलातून. बावखल म्हणजे वाडीत माणसांनी खोदलेलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि आसपासच्या विहिरींना पोचतं. समुद्र इतक्या जवळ असून विहिरी गोड, त्या बावखलांमुळे. पूर्वी यावर रहाट चालत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गाळ काढायचा आणि तो वाडीला घालायचा. मे महिन्याच्या सुट्टीत पोरं त्यातच पोहायला शिकत.

1980 च्या दशकाच्या शेवटी वसई-विरारला इमारती उठू लागल्या. इमारती झाल्या, पाण्याची सोय झाली नाही. मग गावातल्या विहिरींचं पाणी टँकरने तिकडं जाऊ लागलं. उन्हाळ्यात रात्रंदिवस पंप. गोडं पाणी उपसलं की त्याच्या जागी समुद्राचं खारं पाणी जमिनीतून आत येतं. विहिरी मचूळ झाल्या, केळी करपू लागली. विहीर विकणाराही आपलाच शेजारी होता, हे सांगायला हवं. तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे पुढारी. तेच फादर पुढं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2020 साली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं या प्रश्नावर लिहिलं. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले. गुंडगिरी होती, धमक्या होत्या, त्यात एका धर्मगुरूने उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्याचा मान आम्ही राखतोच.

पण मोर्चाला हजारो माणसं येतात, ती कुणीतरी घराघरांतून बाहेर काढावी लागतात. त्या मोर्च्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, हिंदू होत्या, ख्रिस्ती होत्या. पाणी भरणारी तीच, वाडीत राबणारी तीच, बाजारात टोपली नेणारी तीच. विहीर खारट झाल्याचं पहिल्यांदा कुणाच्या जिभेला कळलं असेल? आणि हा निरोप आळीआळीत पोचवायला नवं काही उभारावं लागलं नाही. जमायची सवय होती, जागा ठरलेली होती.

चळवळीने बरंच वाचवलं, सगळं नाही. पुष्कळ बावखलं भराव टाकून बुजली. त्यांच्यावर बंगले आहेत, रस्ते आहेत. 1998 च्या मे महिन्यात वसईला मुंबईपासून वेगळा धर्मप्रांत मिळाला, स्वतंत्र बिशप आले. 2009 साली महानगरपालिका झाली. उन्हाळी सुट्टीत आता पोरांसाठी चर्चच्या आवारात शिबिरं भरतात. त्यात चित्रकला असते, नाटक असतं, बायबलच्या गोष्टी असतात. पोहायला शिकायचं तर तरणतलावाची फी भरावी लागते. विहिरीचं उंबराचं पाणी काही ठिकाणी नळाचं असतं, आणि बँडवाले गच्चीवरच्या टाकीपर्यंत वाजवत जातात. हसायचं तर हसा, आम्हीही हसतो.

अलीकडच्या काही वर्षांत मात्र काही गावांतल्या तरुण मुलांमुलींनी उरलेली बावखलं साफ करायला घेतलीत. काम उन्हाळ्यातच करावं लागतं, पाणी तळाला गेल्यावर. सकाळी गाळ काढायचा, प्लास्टिक वेचायचं. त्यांच्यासाठी चहा, भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आळीतल्या आज्या काठावर बसलेल्या असतात. कुठल्या बाजूला झरा होता, कुठं पायऱ्या होत्या, कुठपर्यंत पाणी चढायचं, ते त्या हात दाखवून सांगतात, आणि पोरं तिथं खणतात.